हर्णैला जेवायचे कुठे?

मे महिन्याची सुट्टी लागली की घाटावरून फोन सुरू होतात. आमचे माहेर लातूर जिल्ह्यातले आणि सासर दापोली तालुक्यातले. त्यामुळे समुद्र पाहायला निघालेला प्रत्येक नातलग आधी आम्हाला विचारतो. खोली कुठेही मिळते. खरा सवाल असतो, "आपा, हर्णैला जेवायचे कुठे?" त्यामागे आणखी एक सवाल दबलेला असतो, तोही आम्हाला ऐकू येतो. आपल्याला चालेल असे तिकडे मिळेल ना?

दोन्ही सवालांचे उत्तर एकाच ठिकाणापासून सुरू होते, ते म्हणजे बंदर. हर्णै दापोलीपासून सुमारे १५ किलोमीटरवर आहे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, काठावर कनकदुर्ग आणि मधल्या वाळूत मासळीचा लिलाव. असरच्या सुमारास होड्या माल घेऊन येतात. वाळूवर सुरमई, पापलेट, हलवा, बांगडा, कोळंबी यांचे ढीग लागतात आणि बोली सुरू होते. लिलाव व्यापाऱ्यांचा असतो. घरापुरते घ्यायचे असेल तर बाजूला वाटे लावून बसलेल्या बायकांकडे जावे. मासा हातात घेऊन पाहावा. कल्ले लाल, डोळे स्वच्छ, आणि बोटाने दाबले तर मांस पुन्हा वर येणारे, असा मासा ताजा. भाव विचारण्यात संकोच नको. त्या बायकाही कमी करताना संकोचत नाहीत आणि नाही म्हणतानाही.

हर्णै, मुरूड, कर्दे, आंजर्ले या पट्ट्यात घरगुती खानावळी पुष्कळ आहेत. पुढच्या पडवीत चार टेबले, मागे स्वयंपाकघर, आणि रांधणारी घरचीच बाई. काही ठिकाणी तुम्ही आणलेला मासाही करून देतात, करणावळ वेगळी. थाळीत तांदळाची भाकरी, कालवण, तळलेला तुकडा, भात आणि सोलकढी. मोठ्या हॉटेलात पदार्थांची यादी लांबलचक असते. पण यादीतले सगळे मासे रोज बंदरात येत नाहीत, मग काही बर्फातूनच यायचे. खानावळीत "आज काय आहे?" असे विचारावे लागते, आणि ज्या बाईचे उत्तर रोज बदलते तिच्याकडे बेधडक बसावे. दारूची पाटी नसलेली, बायकामुले निवांत बसू शकतील अशी जागाही याच खानावळींत सापडते.

आता दबलेल्या सवालाकडे येऊ. माशाला जबह करावे लागत नाही. सूरह अल-माइदाच्या ९६ व्या आयतीत समुद्राची शिकार हलाल ठरवली आहे. मासा कोणी पकडला, कोणी कापला, हा प्रश्नच उरत नाही. कोंबडी-मटणाचे मात्र तसे नाही. ते आपल्याकडचे हवे असेल तर दापोलीत सोय आहे. पण समुद्रापाशी येऊन कोंबडी का खावी? राहता राहिले भांडे आणि तेल. ते स्वच्छ हवे असे वाटणे रास्त आहे, आणि त्यासाठी तोंड उघडून विचारणेही रास्त आहे. मनात अढी धरून उपाशी बसणे मात्र आम्हाला पटत नाही.

हे आम्ही आमच्या मामूंच्या निमित्ताने फार जवळून पाहिले. मामू सत्तरीचे, नमाजी, बाहेरचे खाण्याच्या बाबतीत कडक. दोन दिवस चहा-बिस्किटांवर काढले होते. एका कोळी ताईंच्या खानावळीत आम्ही सगळे बसलो, तेव्हाही म्हणाले, "तुम्ही खा बेटा, मला भूक नाही." ताईंनी त्यांच्याकडे पाहिले, टोपीकडे पाहिले आणि आपणहून म्हणाल्या, "चाचा, आज घरात कोंबडी शिजलेली नाही. तवा घासून घेते, तेल नवं घालते. बघायचं तर या चुलीपाशी." मामू उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. आत गेले नाहीत. परत येऊन "बिस्मिल्लाह" म्हणून पानावर बसले आणि दोन बांगडे खाल्ले.

कोळंबीचा वाडगा आला तेव्हा त्यांनी तो हळूच आमच्या सासऱ्यांकडे सरकवला. घाटावरचे आम्ही हनफी. कोळंबी मासा आहे की नाही, यावर आमच्या उलेमांत मतभेद आहेत आणि मामू ती टाळतात. कोकणी मुसलमान शाफई, त्यांना कोळंबीची अडचण नाही. सासऱ्यांनी वाडगा आनंदाने घेतला आणि आपल्या पानातला तळलेला तुकडा मामूंच्या पानात ठेवला. एका दस्तरखानावर दोन मसलकांचे बुजुर्ग आणि रांधणारी कोळ्याची लेक. ना कुणी बहस केली, ना कुणी आपले सोडले. आमची मुले हे सारे पाहत होती. वर्गात सलोख्यावर आम्ही दर वर्षी निबंध लिहून घेतो. त्या दुपारी घरच्या मुलांना जे दिसले, ते कोणत्याही निबंधात मावले नसते.

बिल देताना मामूंनी ताईंच्या लेकीच्या हातावर खुशीने शंभराची नोट ठेवली. ताई म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी फोन करा चाचा, तुमच्यासाठी बांगडा बाजूला ठेवीन."

तेच आमचेही सांगणे आहे. आदल्या दिवशी फोन करा. माणसे किती, येणार कधी आणि काय चालत नाही, हे मोकळेपणाने सांगा. रांधणाऱ्या बाईला त्याचा राग येत नाही, उलट तिचे काम सोपे होते. सगळ्यांनीच पापलेट मागू नये. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा घोषित केले, त्यामागे तो कमी होत चालल्याची चिंता आहे. तळहाताएवढे पिल्लू ताटात आले तर ते नाकारावे. बांगडा, मांदेली, तारली हे स्वस्त मासे चवीला जराही कमी नाहीत, आणि मोठ्या कुटुंबाच्या खिशालाही परवडतात.

आणि जून-जुलैमध्ये येत असाल तर लक्षात ठेवा, तेव्हा मासळीच्या विणीसाठी मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या दिसतील. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका. सुक्या जवळ्याची चटणी, सुक्या बोंबलाचे कालवण आणि गरम भाकरी मागा. पावसात खानावळीकडे गिऱ्हाईक फिरकत नाही, तेव्हा दारात आलेल्या चार पाहुण्यांची किंमत त्या घराला ठाऊक असते.