झड लागलेल्या दिवशी महानच्या धरणावर

वऱ्हाडच्या माणसाला समुद्र पाहायचा म्हणजे अकोल्याहून रात्रभर रेल्वेत बसून जवळजवळ सहाशे किलोमीटरवरची मुंबई गाठणे आले. पण वाऱ्यावर उठणाऱ्या लाटा, पाण्यावर झेपावणारे सुरय आणि दूरदेशीची बदके पाहायची असतील, तर एवढे लांब जायचे कारण नाही. आपली मोठी धरणे हिवाळ्यात हे सारे दाखवतात. अमरावतीकरांना मोर्शीजवळ सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा धरण आहे, तसे अकोलेकरांना बार्शिटाकळी तालुक्यातले महानचे काटेपूर्णा धरण आहे.

काटेपूर्णा नदी वाशीमकडच्या डोंगरातून येते आणि पुढे पूर्णेला मिळते. तिच्यावरच्या या धरणाचे पाणी अकोला शहर पिते. भोवतालचे सुमारे ७३ चौरस किलोमीटर जंगल १९८८ साली अभयारण्य झाले. चौसिंगा आणि भेकर ही इथली नावाजलेली जनावरे. आम्ही मात्र गेलो होतो पाखरांसाठी, आणि दिवस निवडला तोच नेमका झडीचा.

जानेवारीचा महिना. उत्तरेकडचे थंड वारे आणि बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट हवा विदर्भावर एकमेकांना भिडली की भर हिवाळ्यात असे आभाळ येते. अकोल्याहून एस. टी. ने निघालो तेव्हा बुरबुर सुरू होती. वाटेत दोन्ही बाजूंना फुलावर आलेला हरभरा, घाट्यांनी वाकलेला सावळा, ओला झालेला उरलासुरला कापूस. महानला उतरलो, तर पारावरचे एक म्हातारबाबा म्हणाले, "असल्या झडीत काय पाहाले चालले भाऊ? पाखरं बी आज घरातच बसले असतीन."

पण पाखरांना कुठले आले घर! उलट, असा दिवस त्यांना पाहायला चांगला. वाऱ्याने मधल्या पाण्यावर लाटा उठल्या की बदके आडोशाच्या काठाला येऊन बसतात. सगळ्यांची तोंडे वाऱ्याकडे, म्हणजे पिसे उलटी होत नाहीत आणि अंगात वारा शिरत नाही. शेपटीच्या बुडाशी एक तेलाची गाठ असते. तिथले तेल चोचीने पिसांना चोळलेले असते, म्हणून पाणी अंगावरून ओघळून जाते. घारी मात्र झाडावर मुकाट बसून होत्या. ऊन नाही, म्हणजे जमिनीवरून वर चढणारी गरम हवा नाही, आणि त्या हवेशिवाय घारीला फुकटात घिरट्या घालता येत नाहीत.

पहिल्यांदा दिसली हळदी-कुंकू बदके. काळ्या चोचीच्या टोकाला हळदीसारखा पिवळा रंग आणि बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके. ही बारमाही आपल्याकडचीच. बरोबरच्या बायामाणसांनी त्यांना पाहून हात जोडले! त्यांच्या पलीकडे काळेभोर वारकरी पोहत होते, कपाळावर पांढरा टिळा लावल्यासारखे. आणि काठावर जोडीजोडीने उभे होते नारिंगी रंगाचे चक्रवाक. हे आपले पाहुणे. त्यांची अंडी-पिल्ले होतात लडाख, तिबेट आणि मध्य आशियाकडे. तिकडे पाणी गोठले की हिमालय ओलांडून ते आपल्या धरणांवर उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत जातात.

काठालगत वावर असलेले एक शेतकरी गुरे घेऊन आले. आमचे कौतुक ऐकून म्हणाले, "तुमाले थे पाखरं लय गोड वाटतात भाऊ. पन राती हरबऱ्यात उतरले का सकाई शेंडे नसते."

त्यांचे म्हणणे खोटे नाही. चक्रवाक दाणे खातात तसे कोवळे कोंबही खातात. शहरातला माणूस दुर्बीण लावून पाहून जातो आणि नुकसान काठावरच्या शेतकऱ्याच्या पदरी पडते. पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. अशा ढगाळ हवेत हरभऱ्यावरच्या घाटेअळीचे भय वाढते. ती अळी टिपायला साळुंकी, कोतवाल आणि बगळे फुकट राबतात. म्हणूनच शेतात काठ्यांचे पक्षीथांबे उभारावेत, हरभऱ्याच्या बियाण्यात थोडी ज्वारी मिसळून पेरावी, म्हणजे पाखरांना बसायला ताटे मिळतात, असे कृषी शास्त्रज्ञ सांगतात. हिवाळ्यात येणारे भोवत्या ससाणे तर उंदीर आणि नाकतोडे खातात.

भोरड्यांचेच पाहा. ज्वारीच्या दिवसांत गोफण घेऊन आपण त्यांना हाकलत आलो. त्याच भोरड्या चीनच्या शिंजियांग प्रांतात उन्हाळ्यात टोळ आणि नाकतोडे फस्त करतात, म्हणून तिथे त्यांच्यासाठी मुद्दाम दगडांची घरटी रचून देतात. पाखरू एकच, एका देशात चोर आणि दुसऱ्या देशात राखणदार.

तेव्हा काठावरच्या पिकाची राखण जरूर करावी. अंधार पडताना फेरी मारावी, कंदील-बॅटरी दाखवावी, डबे वाजवावेत. पण विष लावलेले दाणे टाकू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाखरांना असे मारणे गुन्हा आहे, आणि ते दाणे कोंबडीच्या पोटातही जाऊ शकतात. औषध लावलेले बियाणे पेरताना उघडे सांडू देऊ नये. फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नये. तो ओढा ज्या धरणाला मिळतो, त्यात चक्रवाक पोहतो आणि त्याच पाण्यावर शहरातली आपली लेकरेबाळे शिकायला राहतात.

दुपारी झड वाढली तसे आम्ही फाट्यावर चहा घेऊन परतीची गाडी धरली. तुम्हालाही जायचे असेल, तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. सकाळी लवकर पोहोचावे, मातकट रंगाचे कपडे घालावेत, गोंगाट करू नये. अभयारण्यात शिरण्याआधी वनखात्याची परवानगी घ्यावी. भाकरी-ठेचा बांधून न्यावा आणि पिशव्या परत आणाव्यात. लेकरांना एक वही द्यावी. दिसलेले पाखरू, त्याचा रंग, तारीख आणि त्या दिवशीचे आभाळ त्यात लिहायला सांगावे. चार हिवाळे असे लिहिले, तर आपल्या शिवारात कोण यायचे थांबले आणि कोण नवे आले, हे घरच्या घरी कळेल.