पुण्याहून महाबळेश्वरास : कांहीं प्रश्नोत्तरें

लहान मुलांसह प्रवासाचा प्रसंग आला कीं प्रौढ मंडळींच्या कपाळास आठी पडते. खाऊ, पाणी, घाटांतील ओकाऱ्या आणि ‘अजून किती लांब?’ हा अखंड जप, एवढेंच चित्र त्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु ज्यानें मुलांशेजारीं बसून चार घटका वाट क्रमिली आहे, त्यास ठाऊक असतें कीं चालत्या मोटारींत मूल जें बोलतें, तें घरीं बोलत नाहीं. याचें कारण उघड आहे. मोटारींत त्यास धांवावयास जागा नसते. वडील माणसास कामाचें निमित्त करून उठून जातां येत नाहीं. आणि सर्वांचीं तोंडें एकाच दिशेस असल्यामुळें, आपल्या बोलण्यानें ऐकणाराची मुद्रा कशी पालटली हें मुलास दिसत नाहीं. मीं पस्तीस वर्षें शाळेंत प्रश्न विचारले. तेथें ज्यास उत्तर ठाऊक असतें तोच प्रश्न विचारतो, ही रीत वास्तविक उलटी. मोटारींत ती सुलट होते.

गेल्या वैशाखांत चिरंजीवांच्या मोटारींतून आम्ही पुण्याहून महाबळेश्वरास गेलों. मागील बैठकीवर माझ्या एका अंगास सात वर्षांची नात व दुसऱ्या अंगास पांच वर्षांचा नातू होता. कात्रजच्या बोगद्यांत शिरतांच दोघेंहि गप्प झालीं. पुन्हां उजेड आल्यावर नातवानें विचारिलें, “आजोबा, आत्तां वर डोंगरावर कोणी गुराखी असेल, तर आपण त्याच्या पायांखालून गेलों हें त्याला कळलें असेल?”

“नाहीं कळणार,” मीं म्हटलें.

“मग आपल्या खालूनहि कोणी जात असेल,” असें म्हणून तो खिडकीबाहेर पाहूं लागला. पुढें खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत मी त्या वाक्याचाच विचार करीत होतों.

सुरूरपासून उजवीकडे वळून आम्ही वाईस पोंचलों. कृष्णाकांठचें ढोल्या गणपतीचें देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ मध्यें बांधिलें. त्याची मागची भिंत माशाप्रमाणें निमुळती आहे; पुराचें पाणी तिच्यावर दुभंगून दोहों अंगांनीं निघून जावें, ही त्यांतील योजना. मुलांस हें सांगितल्यावर नात म्हणाली, “म्हणजे देव नदीशीं भांडत नाहीं, तिला वाट देतो.” वास्तुशास्त्राचें इतकें सुबोध निरूपण मीं वर्गांत क्वचित् ऐकिलें असेल.

याच घाटावर दोन वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीच्या अस्थि आम्हीं कृष्णेंत सोडल्या होत्या. त्या दिवसापासून, मुलांस वाईट वाटूं नये म्हणून, घरांत तिचें नांव कोणी मोठ्यानें घेत नसे. पसरणीच्या घाटांत मोटार चढूं लागली, खालीं धोम धरणाचें पाणी व वाईची वस्ती दिसूं लागली, आणि नातीनें विचारिलें, “आजोबा, आजी आतां कोठवर पोंचली असेल?”

पुढील आरशांत चिरंजीवांचे डोळे मला दिसले. सूनबाई लगबगीनें म्हणाल्या, “अगं, तें बघ माकड!” परंतु मुलीनें माकडाकडे पाहिलें नाहीं. मग मीं तिला सरळ नदीची वाट सांगितली. वाईहून सांगली, नंतर नरसोबाची वाडी, जेथें पंचगंगा येऊन मिळते, पुढें कर्नाटकांत आलमट्टीचें धरण, त्यानंतर श्रीशैलम्, नागार्जुनसागर, विजयवाडा आणि शेवटीं बंगालचा उपसागर. सारी वाट सुमारें १४०० किलोमीटरांची.

“धरणांत अडकली असेल?” नातवानें काळजीनें विचारिलें.

“पावसाळ्यांत धरणाचे दरवाजे उघडतात.”

“दोन पावसाळे झाले,” नातीनें बोटांवर मोजून सांगितलें. “म्हणजे पोंचली.”

क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचें उगमस्थान मानतात. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेंत अवघा ६४ किलोमीटरांच्या आसपास. सावित्री पश्चिमेस उतरून बाणकोटाजवळ त्यास मिळते. कृष्णा मात्र पाठ फिरवून सारें दख्खन ओलांडीत पूर्वेस जाते. परतीच्या वाटेवर नातीनें याचें कारण विचारिलें. सह्याद्रीचा कणा पश्चिमेकडे कड्यासारखा तुटलेला आहे आणि पूर्वेकडे पठार हळूहळू उतरत जातें. पावसाचा थेंब कण्याच्या ज्या अंगास पडेल तिकडचा समुद्र त्याच्या वांट्यास येतो, असें मीं समजाविलें. तिनें तें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “सावित्री लवकर पोंचते, पण तिला गांवें थोडींच भेटतात. आजीला पुष्कळ गांवें पाहायचीं होतीं. मला सांगायची ती.”

हें खरें होतें. पंढरपुरापलीकडे तिचें जाणें कधीं झालें नाहीं. काशीरामेश्वराची तिची इच्छा राहूनच गेली. मोटारींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग चिरंजीवांनींच, समोरच्या वळणावरची दृष्टि न काढतां, आईनें लहानपणीं त्यांस पंढरपुरास नेलें होतें ती हकीकत सांगावयास प्रारंभ केला. दोन वर्षांत प्रथमच त्यांच्या तोंडून ‘आई’ हा शब्द आम्हीं ऐकिला. पुणें येईपर्यंत ती हकीकत पुरली.

आपण मुलांपासून दुःख लपवितों, असें आपणांस वाटतें. वस्तुतः आपण तें एकमेकांपासून लपवीत असतों आणि मुलांचें केवळ निमित्त करितों. ज्या गृहस्थांच्या घरीं असा एखादा विषय मिटून पडला असेल, त्यांनीं मुलांस घेऊन एखाद्या नदीच्या कांठानें प्रवास करावा. आणि प्रश्न आला असतां माकड दाखवूं नये; ठाऊक असेल तेवढी वाट नीट सांगावी.