चाकामागचं लोखंड

पंढरपुरात रस्ता पायी चालणाऱ्याचा असतो. आषाढी-कार्तिकीला तर असतोच, पण एखाद्या साध्या मंगळवारीही असतो. एसटीतून उतरलेला भाविक पिशवी काखेला मारून चालू लागतो तेव्हा त्याची नजर रस्त्यावर नसते. गच्च्यांच्या वरून कळस कुठे दिसतो का, ते ती शोधत असते. दोन ओळखीचे वारकरी समोरासमोर आले की भररस्त्यात एकमेकांच्या पाया पडतात. आधी कोण वाकलं याचा हिशेब नसतो, आणि मागून गाडी येते आहे याचं भानही नसतं. त्यांनी ते का ठेवावं? वर्षभर शेतात राबून माणूस इथवर आला, त्याला निदान या गावात तरी दचकून मागे वळावं लागू नये. भान ठेवायचं ते गाडीवाल्यानं. इथे हॉर्न मारणं शोभत नाही. काच खाली करून ‘माउली, जरा वाट द्या’ म्हणायचं, आणि ते म्हणण्याआधी थांबता आलं पाहिजे.

म्हणून मला इंजिनापेक्षा ब्रेकचं अप्रूप जास्त. इंजिनाचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. ॲव्हरेज किती देते, चढाला दम खाते का, हे चहा पिता पिता निघतं. ब्रेकचं नाव कुणी काढत नाही.

आमच्या गाडीचं दुखणं आषाढीनंतर कळलं. वारीच्या दिवसांत गावातल्या गाड्या दारातच उभ्या राहतात. रस्ते बंद असतात आणि बाहेर काढायची कुणाला इच्छाही नसते. वर पाऊस. चाकाच्या फटीतून पाहिलं तर डिस्कवर नारिंगी गंजाचा पातळ थर चढलेला दिसतो. त्याची काळजी नसते, पहिल्या दोन-चार ब्रेकांत तो पुसला जातो. पण वारी उलटल्यावर पालखी मार्गानं पुण्याला निघालो आणि दिवे घाटात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरू लागलं. पालखी येताना हा घाट चढते, माउलींच्या रथाला तिथे जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. आम्ही पंढरपूरकर पुण्याला जाताना तोच घाट उतरतो. दुसरा गिअर टाकला, भार इंजिनावर सोडला आणि ब्रेकला जपत खाली आलो.

परतल्यावर गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या मिस्त्रींना विचारलं. हातातलं काम न सोडता ते म्हणाले, “डिस्क वाकली म्हणत्यात समदी. डिस्क अशी वाकत नसती. बैठक घाण असती तिची.”

हे वाक्य मी मनात ठेवलं, कारण ते अगदी खरं निघालं. डिस्क हबवर जिथे टेकते तिथे गंजाचा एखादा कण राहिला, की ती केसभर तिरकी बसते. मग प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी पॅडला घासत राहते. हळूहळू तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, आणि तो फरक पॅडमधून पिस्टनला, पिस्टनकडून ब्रेक ऑइलला आणि तिथून थेट तळपायाला कळतो. फरक असतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा एवढा. शंभर किलोमीटरच्या वेगानं जाणाऱ्या माणसाच्या पायाला तो समजतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

डिस्कच्या अंगावर तिची किमान जाडी बारीक अक्षरांत कोरलेली असते. वर्नियर सरळ लावला तर कडेला न झिजलेली कंगोरी मधे येते आणि डिस्क आहे त्याहून जाड भासते. दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून माप घ्यायचं, नाण्यांची जाडी वजा करायची. आमचं माप किमान आकड्याच्या खाली गेलं होतं, त्यामुळे लेथवर घासून आणायचा प्रश्न उरला नाही. दोन्ही बाजूंच्या नव्या डिस्क घेतल्या आणि नवे पॅडही. एकच बाजू बदलली तर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढू शकते, आणि जुना पॅड नव्या डिस्कवर नीट टेकत नाही.

काम घरीच करायचं ठरवलं, ते पैसे वाचवायला नव्हे. ज्या वस्तूच्या भरवशावर मी रोज माणसांच्या गर्दीतून गाडी नेतो, ती एकदा तरी स्वतःच्या हातांनी उघडून पाहावी, असं फार दिवस मनात होतं.

अंगणात शहाबादी फरशी आहे, जागा सपाट. हँडब्रेक ओढला, गिअर टाकून ठेवला, मागच्या चाकांना पुढून-मागून विटा लावल्या. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. जॅकवर गाडी उचलली, खाली घोडी लावली, आणि काढलेलं चाकही गाडीखाली सरकवून ठेवलं. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालणाऱ्याला मी हात जोडून थांबवेन.

पॅड धरणाऱ्या कॅलिपरचे दोन बोल्ट काढले आणि तो तारेनं स्प्रिंगला टांगला, म्हणजे त्याचं वजन ब्रेकच्या रबरी नळीवर येत नाही. त्यामागच्या ब्रॅकेटच्या बोल्टना मात्र लांब दांडा आणि सगळं अंग लागलं. ते निघाले, तरी डिस्क जागची हलेना. इतक्या पावसाळ्यांत हब आणि ती गंजानं एकजीव झाली होती. तिच्या अंगावर दोन आटे पाडलेली भोकं असतात, ती नेमकी याचसाठी. त्यांत आठ मिलिमीटरचे दोन बोल्ट घातले आणि आळीपाळीनं पाव-पाव फेरा पिळत गेलो. थोडा याला, थोडा त्याला. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग ‘टक्’ असा एकच आवाज झाला, भोवती तपकिरी भुकटी सांडली आणि डिस्क सुटून हातात आली. चांगली जड होती.

ती उजेडात धरून पाहिली. पोलादाची नव्हे, बिडाची. बिडाच्या पोटात ग्राफाइटच्या बारीक पाकळ्या पसरलेल्या असतात. त्या उष्णता लवकर वाहून नेतात आणि थरथर जिरवतात, म्हणून या कामाला बीडच लागतं. आपल्या मुलखाचं या धातूशी नातं जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगरांसाठी. लोखंडानं जमीन नासेल, अशी भीती तेव्हाच्या शेतकऱ्यांना वाटत असे. पुढे कोल्हापूरच्या फाउंड्र्यांनी, उद्यमनगरापासून शिरोली आणि गोकुळ शिरगावपर्यंत, वाहनांच्या भागांचं ओतकाम नावारूपाला आणलं. तो नांगर ज्यांनी धरला त्यांची नातवंडं-पतवंडं दिंडीत चालत इथे येतात, आणि त्यांच्यासमोर गाडी थांबते ती बिडाच्याच जोरावर.

थांबणं सोपं नसतं. माणसांसह हजार किलो भरणारी गाडी ताशी 60 किलोमीटरवरून उभी करायची, तर सुमारे 139 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. लिटरभर पाणी 30 अंशांवरून 63 अंशांवर नेईल एवढी ती उष्णता आहे. वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांच्या नशिबी येतो. जुन्या पद्मिनी गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. बंद ड्रममध्ये उष्णता कोंडते आणि लांब उतारावर ब्रेक हलके पडतात. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्यानं उघड्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटायच्या ब्रेकचं पेटंट 1902 सालीच घेतलं होतं, पण त्याला योग्य घर्षणद्रव्य मिळालं नाही. 1953 मध्ये ल माँची 24 तासांची शर्यत जॅग्वारनं डिस्क ब्रेकवर जिंकली, तेव्हा कुठे जगाचं तिकडे लक्ष गेलं.

दुपारचा बहुतेक वेळ हबच्या बैठकीवर गेला. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग कोरडं फडकं. स्टडच्या मुळाशी साचलेला गंज सहजी निघत नाही, तिथे ब्रश तिरका धरून कोपरा कोपरा खरवडावा लागतो. जमिनीवर मांडी घालून, नाकाला ओला रुमाल बांधून मी ते करत होतो. ब्रेकची धूळ फुंकून उडवायची नसते, ओल्या फडक्यानं टिपायची. राखाडी धातू सगळीकडून सारखा चमकला, बोट फिरवलं तर कुठेही अडेना, तेव्हाच नवी डिस्क उघडली. तिच्यावर गंज धरू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरनं पुरता पुसला आणि पुढे ती कडेनंच धरली. सरकत्या पिना साफ करून त्यांना त्यांचं खास ग्रीस लावलं. पिस्टन क्लॅम्पनं हळूहळू आत दाबताना ब्रेक ऑइलच्या डबीवर मुलाला नजर ठेवायला सांगितलं, कारण ते वर चढून सांडलं तर रंग खातं. बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या मापानं टॉर्क पान्यानं आवळले, चाकाचे नट समोरासमोरचे.

यानंतरची गोष्ट कुणीही विसरू नये. गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल दाबायचं. पहिल्यांदा ते पार तळाशी जातं, कारण पिस्टन अजून मागेच असतो. दाबत राहायचं, ते पायाखाली घट्ट होईपर्यंत.

दुसरी बाजू झाली तोवर दिवस कलला. मिस्त्रींना बोलावून आणलं. त्यांनी टॉर्च मारून नळीचा पीळ पाहिला, बोल्टवर पाना लावून पाहिला, चाक हातानं फिरवून कान दिला आणि म्हणाले, “जमलंय. पण लगेच जोरात दाबू नका.” ब्रेकच्या कामावर दुसरी नजर पडलीच पाहिजे, मग हात कितीही सरावलेला असो.

नव्या पॅडची नव्या डिस्कशी ओळख व्हावी लागते. सकाळी लवकर मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे ऊस, रस्ता मोकळा. पन्नासच्या वेगातून दहापर्यंत सावकाश उतरायचं, पुरतं थांबायचं नाही, मग थोडं अंतर तशीच जाऊ देऊन डिस्क निवू द्यायची, पुन्हा तेच. स्टिअरिंग हातात स्थिर होतं. परत येताना गावात शिरलो तेव्हा काकडआरती आटोपून माणसं घरोघर निघाली होती, आणि मी त्यांच्या पावलांच्या वेगानं मागून येत राहिलो.

जुन्या डिस्क भंगारवाल्याकडे जातील, तिथून कुठल्यातरी भट्टीत. शेजारच्या आजोबांच्या गाडीचा मागचा ड्रम किरकिरतो आहे, त्याचे लायनर काढून बघायचेत. कार्तिकीला गाव भरायच्या आत ते उरकलं पाहिजे.