आजी, पाणी नको!



मागच्या दिवाळीतली गोष्ट. सूनबाई करंज्या तळत होती. तिला फोन आला म्हणून ती ओसरीत गेली. मी तिथेच बसून होते. कढईतून आधी धूर निघाला, मग एकदम भडका! मी घाबरून माठातलं पाणी तांब्यात भरलं. तेवढ्यात नातू ओरडला, "आजी, पाणी नको!" त्याने गॅस बंद केला आणि मोठी परात कढईवर सरकवली. थंड होईपर्यंत ती कुणाला उचलू दिली नाही.

मी तांब्या हातात धरून तशीच उभी. आग पाण्याने विझते, हे मीच वर्गावर शिकवत आले होते!

नंतर नातवाने मला शिकवलं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं. तिथे क्षणात त्याची वाफ होते आणि वाफेला सुमारे १७०० पट जागा लागते. ती जळतं तेल घेऊन वर उसळते. माझा तांब्या रिकामा झाला असता, तर पोराचं तोंड भाजलं असतं. हे आठवलं की अजून झोप उडते.

आपल्या वाशिमकडे सोयाबीनच्या सुडीला आग लागली तर पाणीच हवं, कारण ती आतपर्यंत धुमसते. लाकूड, कागद, कापूस यांचंही तसंच. पेट्रोल-डिझेलला फेस किंवा पावडर. विजेच्या आगीला आधी मेन स्विच बंद, मग कार्बन डायऑक्साइड किंवा पावडर; पाणी मारलं तर मारणाऱ्यालाच शॉक. सिलिंडरच्या नळीला आग लागली तर जमेल तर आधी रेग्युलेटर बंद करायचा. नाहीतर ज्योत विझते, गॅस मात्र घरभर पसरतो.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. तेव्हा पेपर वाचून मी रडले होते. पण आपल्या घरात आग विझवायला काय आहे, हा विचार काही मनात आला नाही. आमच्या शाळेतही भिंतीवर एक लाल नळकांडं होतं. त्याच्याजवळून मी वर्षानुवर्षं गेले, त्यावर काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही.

असो. आता घरात एबीसी पावडरचं नळकांडं आणलंय. ते दाराजवळ टांगलंय, चुलीजवळ नाही, कारण आग लागल्यावर तिथे हात पोचायला हवा. काटा हिरव्या भागात आहे ना, हे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी बघते. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, मूठ दाबायची. सूनबाईकडून हे पाठ करून घेतलंय. कढईसाठी मात्र परातच.

तुमच्या घरी नळकांडं असेल, तर आज उठून एकदा त्यावरचं वाचा. आणि पोरं "नको" म्हणून ओरडली, तर थांबा.