चाळीस अंश कुठून आले?

अणुवीज केंद्राच्या कॅल्क्युलेशन शीटवर पहिल्याच पानावर तीन रकाने असतात : तयार केले, तपासले, मंजूर केले. माझी नोकरी नियामकाच्या बाजूने झाली आणि तिच्यातला मोठा काळ या मधल्या रकान्याचा पाठपुरावा करण्यात गेला. डिझाइन कोणी केलं हे सगळ्यांना ठाऊक असतं, मंजुरी देणारे साहेब असतात. तपासणाऱ्याला मात्र कुणी फारसं विचारत नाही. आम्ही त्यालाच समोर बसवायचो.

लोकांना वाटतं, नियामकाचे निरीक्षक येतात आणि डिझाइन बरोबर आहे की चूक, ते सांगून जातात. तसं होऊच शकत नाही. एका केंद्राच्या हिशेबांनी खोल्या भरतात. मूठभर माणसं आठवडाभर बसून त्यातलं वाचून वाचून किती वाचणार? डिझाइनची जबाबदारी ते करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याचीच राहते. आम्ही पाहायचं ते एवढंच, की तपासणी खरोखर झाली का. तपासणारा मूळ कामात गुंतलेला नव्हता ना? त्याला ‘हे मला पटत नाही’ म्हणायची मोकळीक होती का? आणि त्याच्या हातात वेळ होता का? अमेरिकेने १९७० मध्ये अणुकेंद्रांसाठी गुणवत्तेचे १८ निकष नियमांत घातले. त्यातला तिसरा डिझाइनवरच्या नियंत्रणाचा. मूळ डिझाइन करणाऱ्याहून वेगळ्या माणसाने ते पडताळलं पाहिजे, मग तो त्याच संस्थेतला असला तरी चालेल, असं त्यात आहे. मार्गही दिले आहेत : डिझाइनचं परीक्षण, वेगळ्या किंवा सोप्या पद्धतीने केलेला हिशेब, नाहीतर प्रत्यक्ष चाचणी. आपल्याकडचे नियमही त्याच धाटणीचे आहेत.

यातला वेगळ्या पद्धतीने हिशेब करण्याचा मार्ग मला सर्वांत मोलाचा वाटतो. बहुतेक ठिकाणी तपासणारा डिझायनरच्याच शीटवर ओळीमागून ओळ टिक करत जातो. सूत्र पाहिलं, एकक पाहिलं, गुणाकार पाहिला. अशाने आकडेमोडीतली चूक सापडते, गृहीतकातली सापडत नाही. गृहीतक वर छापून आलेलं असतं आणि छापील ओळीवर हात थांबत नाही.

एका केंद्रात आपत्कालीन डिझेल जनित्रांच्या खोलीचा हिशेब आमच्यासमोर आला. बाहेरून येणारी वीज गेली, तर अणुभट्टी थंड ठेवणारे पंप याच जनित्रांवर चालायचे. म्हणून त्या खोलीचं तापमान मर्यादेत राहायला हवं. इंजिन किती उष्णता टाकणार, पंखे किती हवा खेचणार, सगळं नीट मांडलेलं होतं. बाहेरची हवा ४० अंश धरली होती. तपासणारा तरुण इंजिनिअर तयारीनिशी आला होता. मी विचारलं, “हे चाळीस अंश कुठून आले?” त्याने डिझाइन बेसिसचा कागद पुढे केला. त्या कागदात कुठून आले? हवामानाच्या नोंदींवरून. नोंदी पाहिल्या. आकडा चोख होता.

मग मी इमारतीचं लेआउट ड्रॉइंग मागवलं. खोलीत हवा घेणारा लूव्हर शेजारच्या जनित्राच्या रेडिएटरसमोर होता. दोन्ही जनित्रं एकदम चालली, आणि संकटात ती एकदमच चालायची, की एकाची तापलेली हवा दुसऱ्याच्या खोलीत शिरणार. हवामानाची नोंद सावलीतल्या हवेची. लूव्हरच्या तोंडाशी येणारी हवा वेगळीच. व्हेंटिलेशनचा हिशेब एका विभागाचा, रेडिएटर दुसऱ्याचा, भिंती तिसऱ्याच्या. प्रत्येकाचं काम आपापल्या जागी बरोबर. तो इंजिनिअर थोडा वेळ ड्रॉइंगकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, हे ड्रॉइंग माझ्या इनपुट लिस्टमध्येच नव्हतं.”

त्याचं म्हणणं खरं होतं आणि आमच्या अहवालातलं मुख्य निरीक्षण तेच झालं. ज्याचं काम तपासायचं, त्यानेच तपासणाऱ्याच्या हाती यादी द्यायची, ही पद्धतच सदोष होती. नशिबाने भिंत उभी राहायची होती. लूव्हर दुसऱ्या बाजूला गेला, हिशेब नव्याने झाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तपासणाऱ्याने इनपुटची यादी स्वतः करायची, असं त्यांच्या कार्यपद्धतीत लिहिलं गेलं.

चुकीच्या इनपुटची सर्वांत गाजलेली गोष्ट कॅलिफोर्नियातल्या डायब्लो कॅन्यन अणुवीज केंद्राची. तिथे बांधकाम सुरू झाल्यावर समुद्रात जवळच होसग्री नावाचा भूभ्रंश असल्याचं कळलं आणि भूकंपाचे हिशेब पुन्हा करावे लागले. दोन्ही युनिट्स एकमेकांची आरशातली प्रतिमा असावीत, अशी बांधलेली. सप्टेंबर १९८१ मध्ये पहिल्या युनिटला कमी क्षमतेच्या चाचण्यांचा परवाना मिळाला आणि त्याच महिन्यात तिथल्याच एका तरुण इंजिनिअरच्या लक्षात आलं, की एका भागाच्या भूकंप-विश्लेषणात दुसऱ्या युनिटचा आराखडा पहिल्याचा म्हणून वापरला गेला आहे. नियामक आयोगाने नोव्हेंबरमध्ये परवाना स्थगित केला आणि बाहेरच्या संस्थेकडून स्वतंत्र पडताळणी करायला लावली. ते युनिट व्यापारी तत्त्वावर चालू व्हायला १९८५ उजाडलं. त्या विश्लेषणामागची आकडेमोड कितीही काटेकोर असली, तरी ती वेगळ्याच इमारतीची होती.

आपल्या जवळचं उदाहरण कैगाचं. गोव्याची हद्द ओलांडली की कारवार, आणि तिथून आत काळी नदीच्या काठी हे केंद्र. १३ मे १९९४ रोजी पहिल्या युनिटच्या आतल्या घुमटाचं काम चालू असताना खालच्या बाजूचं सुमारे १३० टन काँक्रीट कोसळलं. मजूर जखमी झाले. अणुभट्टीत इंधन भरलेलं नव्हतं. घुमटात पोलादी केबल ताणून काँक्रीट दाबात ठेवतात. केबल वक्र असते, म्हणून ती ताणली की आतल्या बाजूला रेटते, आणि केबलच्या पातळीवर काँक्रीटला जाडीच्या दिशेने सोलणारा ताण येतो. कांद्याचा पापुद्रा सुटावा तसा खालचा थर सुटला. स्टीम जनरेटरसाठी ठेवलेल्या मोठ्या मोकळ्या जागांमुळे केबलींची तिथे दाटी झाली होती. त्या सोलणाऱ्या ताणाचा पुरेसा विचार डिझाइनमध्ये झालेला नव्हता.

मला आजही बोचतं ते पुढचं. असंच थर सुटणं फ्लोरिडात आधी घडून गेलं होतं, १९७० मध्ये टर्की पॉइंटला आणि १९७६ मध्ये क्रिस्टल रिव्हरला. हे छापलेलं होतं, मिळण्यासारखं होतं. तपासणाऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारला असता, ‘असे घुमट जगात कुठे फुटलेत का?’, तर बोट बरोबर त्या ताणावर पडलं असतं. घुमटाचं डिझाइन नव्याने करावं लागलं, त्याच धर्तीच्या रावतभाट्याच्या दोन युनिट्सचंही. कैगाचं पहिलं युनिट व्यापारी तत्त्वावर चालू झालं ते नोव्हेंबर २००० मध्ये.

कैगाचा घुमट कोसळला त्याच्या वर्षभर आधी, ३१ मार्च १९९३ ला, नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली होती. कागदावर वेगवेगळ्या असलेल्या वीजपुरवठ्यांच्या केबली जागेवर एकाच वाटेने गेल्या होत्या आणि त्या एकत्रच जळाल्या. केंद्र सतरा तास विजेविना होतं. अग्निशमनाच्या डिझेल पंपांनी पाणी देऊन तिथल्या कर्मचाऱ्यांनी ते सांभाळलं. त्या लोकांबद्दल मला अपार आदर आहे. आमच्या निरीक्षणात कागदानंतर वॉकडाउन असायचंच, ते यासाठी. ड्रॉइंगवर दोन रेषा दिसल्या की टॉर्च घेऊन त्या दोन केबली शेवटपर्यंत चालत जाऊन पाहायच्या. भिंतीपलीकडे ट्रे एकत्र येतात का, ते ड्रॉइंग सांगत नाही, पाय सांगतात.

आता कैगालाच ७०० मेगावॅटच्या दोन नव्या अणुभट्ट्यांचं काम चालू आहे, इतरत्र आणखीही व्हायच्या आहेत. एकाच डिझाइनची अनेक युनिट्स उभी करताना ‘हे मागच्या प्रकल्पात तपासलंय’ हे वाक्य फार ऐकू येतं. मागची जमीन वेगळी, मागचा लेआउट वेगळा. त्या वाक्यावर सही करू नका.

प्रकल्पप्रमुखांना माझी विनंती आहे, की वेळापत्रकात पडताळणीचे दिवस वेगळे दाखवा आणि डिझाइन लांबलं म्हणून ते कापू नका. आणि मधल्या रकान्यात सही करणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगेन : शीटमधला निदान एक महत्त्वाचा आकडा तिच्याकडे न बघता, कोऱ्या कागदावर, आपल्या पद्धतीने काढा. तो जुळला नाही तर सही थांबवा. कुणी घाई केली, तर घाई करणाऱ्याचं नाव फाइलीत लिहा.