"शेख आजी ना?"

माझ्या वर्गाच्या हजेरीत दरवर्षी दहा-बारा शेख असतात. त्यातही आयेशा शेख दोन हमखास. वडिलांचं नाव घेऊन हाक मारावी लागते. शाळेत गोंधळ झाला तर फार तर एकीची गैरहजेरी दुसरीच्या नावावर लागते. दवाखान्यात तेवढ्यावर भागत नाही.

गेल्या वर्षी अम्मी न्यूमोनियाने एका खासगी रुग्णालयात होती. रात्री सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या. "शेख आजी ना?" अम्मीला कमी ऐकू येतं. तिने सवयीने मान हलवली. मी विचारलं, "कसलं इंजेक्शन?" "इन्सुलिन." अम्मीला डायबिटीस नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजीही शेखच होत्या. गरज नसताना इन्सुलिन दिलं तर रक्तातली साखर एकदम उतरते, जीवही जाऊ शकतो.

सिस्टर घाबरल्या. अख्खा वॉर्ड दोघींच्या भरवशावर होता. त्यांच्यावर ओरडून काय साधणार? खोट त्या प्रश्नातच होती. "समजलं ना?" म्हटलं की सगळा वर्ग "हो" म्हणतो, हे कुठल्याही शिक्षकाला ठाऊक आहे. "तुमचं पूर्ण नाव सांगा," असं विचारलं असतं तर अम्मीने नुसती मान हलवून भागलं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले, त्यात रुग्णाची ओळख पटवणं हा एक. औषध देण्यापूर्वी किमान दोन खुणा पडताळायच्या, उदाहरणार्थ नाव आणि जन्मतारीख. खोलीचा नंबर ही ओळख नव्हे. २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तपासणी यादी आली. तिचीही सुरुवात ओळखीपासूनच होते. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

आमच्या म्हाताऱ्यांना जन्मतारीख ठाऊक नसते, आधारवर एक नाव आणि केसपेपरवर दुसरं. म्हणून मनगटावरच्या पट्टीवरचा नोंदणी क्रमांक केसपेपरशी ताडून पाहणं आणखी गरजेचं.

सकाळी मी कार्यालयात जाऊन म्हटलं, हा प्रकार लिहून ठेवा. उत्तर मिळालं, "मॅडम, काही झालं तर नाही ना?" काही झालं नाही, म्हणूनच लिहायला हवं. कुणाला शिक्षा न करता अशा टळलेल्या चुकांची नोंद झाली, तरच एका वॉर्डात दोन शेख असताना काय करायचं हे रुग्णालय आधी ठरवेल.