चाळीशी आणि अब्बांचे थेंब

अब्बांना काचबिंदू. डॉक्टरांनी पिलोकार्पिनचे थेंब दिले आणि काही दिवसांतच फजरनंतर ते चष्म्याशिवाय कुरआन वाचू लागले. घरात सगळ्यांना वाटलं, नजर परत आली. मगरिबला मात्र ते मशिदीच्या पायऱ्यांवर ठेचकाळले.

दोन्ही करणी एकाच थेंबाची. त्याने बाहुली आकसते. बारीक भोकातून पाहावं तसं जवळचं स्पष्ट दिसतं, पण उजेडही कमी आत शिरतो. वयाने ताठरलेलं डोळ्यातलं भिंग तसंच राहतं, काही तासांत परिणाम ओसरतो. काचबिंदूने गेलेली नजर तर परत येतच नाही.

अमेरिकेत २०२१ साली हेच औषध चाळीशीसाठी मंजूर झालं. २०२४ मध्ये मुंबईच्या एका कंपनीच्या थेंबांना आपल्याकडेही परवानगी मिळाली, आणि जाहिरातीतल्या दाव्यांवरून महिनाभरात औषध नियंत्रकांनी ती स्थगित केली.

तोवर मालवण बाजारात तिघांनी मला गाठलं होतं, "अब्बांची बाटली दोन दिस दी मरे!" खोटं कशाला बोलू, सुईत दोरा ओवताना माझाही हात तिच्याकडे गेला होता. पण क्वचित का होईना, या थेंबांनी डोळ्याचा पडदा सरकू शकतो. बाटली परत ठेवली, नाक्यावरून चाळीशी आणली.

अब्बा मगरिबला आता टॉर्च घेऊन निघतात.